पान ४१२

‘आधार काय?’
समासात मी लाल शाईनं लिहितो,
दर वर्षी, दर वहीत.
‘अनादी काळापासून न्याय…’ या वाक्याखाली तर दोनदा.

गंगापूर रोडवरच्या वर्गात पंखा कुरकुरतो.
सुरगाण्याची यमुना भोये
पाचची एसटी चुकवून
ग्रंथालयातून धुळीच्या हातांनी येते:
‘सर, तुमच्या टिपणातला उतारा
चारशे एकवीसवर नाहीये,
चारशे बारावर आहे.
आणि ते कोर्ट म्हणत नाहीये,
हरलेला वकील म्हणतोय.’

अकरा वर्षं.
अकरा तुकड्या.
त्यातले काही या घटकेला
सीबीएसजवळच्या कोर्टात
छाती काढून
माझंच पान सांगत असतील.

टिपण पुढ्यात ओढून
मी लाल पेनाचं टोपण काढतो.

ती वाकून बघते.
‘सर, तारीख पण घाला.’