सिद्दव्वाचा कान

उद्यमबागेत आमचं शेड, फाउंड्रीच्या पाठीमागं.
जुना बॉयलर भंगारातून उचलला,
नागोजीनं त्याला नवं झाकण ओतून दिलं,
नळी वाकवून पाण्याच्या टाकीतून फिरवली.
आत प्लॅस्टिक, बाहेर तेल.
एवढंच सांगितलं होतं मी बँकेत.
मॅनेजर म्हणाले, ही तर दारूची भट्टी.
म्हटलं, तशीच साहेब, फक्त चव बघू नका.

पहिल्या दिवशी तेल कमी, धूरच जास्त.
आंबट, पिवळट, घशात खिळा रुतावा तसा.
शेजारच्या लेथवरची पोरं डोळे चोळत रस्त्यावर,
आणि महिन्याभरात नळीला आतून भोकं.
पुस्तकात कारण सापडलं:
पाइपाचं, वायरीचं, रेक्झिनचं प्लॅस्टिक आधी वेगळं काढा.
कसं काढा
ते पुढच्या पानावरही नव्हतं.

मग तुरमुरीच्या डेपोवरनं सिद्दव्वा आली.
पोतं पसरलं, पान लावलं,
आणि एकेक तुकडा कानाशी नेऊन चुरगाळू लागली.
दुधाची पिशवी. "सुळसुळतंय. घाल."
बिस्किटाचा कागद. "तडतड करतंय, भांडखोर. थोडंच घाल."
टेबलावरचं फुलाफुलांचं आच्छादन
दोनदा चोळलं, तिसऱ्यांदा चोळलं.
"बोलतच न्हाई हे. बेड. नको."
नागोजीनं तिच्यामागं बादलीत टाकून बघितलं.
बुडालं.
पुन्हा त्यानं बादली भरली नाही.

डिसेंबरात एका पहाटे
कॅनमधलं तेल थिजून तुपासारखं बसलेलं.
मी कपाळाला हात लावला: कर्ज, व्याज, सासऱ्यांचं तोंड.
ती म्हणाली, खोबरेल काय करतंय थंडीत?
आणि कॅन ढकलत उन्हात नेऊन ठेवला,
स्वतःही शेजारी टेकली.
दहा वाजता दोघंही हलायला लागले.

एकदा टेम्पोभर फ्लेक्स आले.
वाढदिवसाचे, मोर्चाचे, हार्दिक स्वागताचे,
काही मराठी, काही कन्नड,
काहींवर कुणीतरी रात्रीत काळं ओढलेलं.
सिद्दव्वाला अक्षर येत नाही,
तिच्या घरचं नाही, आमच्याही घरचं नाही.
एकेक कोपरा धरून कानाशी नेला.
"बेड.
बेड.
ह्येबी नको.
एवढाली अक्षरं, आणि एक बोलत न्हाई."

मग म्हणाली, मी नेऊ का छपराला?
आता तिच्या झोपडीवर चार थर आहेत,
छापलेली बाजू आत.
रात्री नातू उताणा पडून वाचतो म्हणे.
कुठल्या भाषेत, मी विचारलं.
"मला काय ठावं? लई मोठ्यानं वाचतोय."

वही माझ्याकडं असते.
आत किती किलो, बाहेर किती लिटर, तळाला काजळी किती.
जो वायू तेल व्हायला तयार नसतो
तो पुन्हा भट्टीखाली जातो, जळून आपल्याच भावंडांना शिजवतो.
हे मी वहीत लिहीत नाही,
पण लायटर पेटवताना दरवेळी मनात येतं.

फेब्रुवारीत कंग्राळीच्या शट्टुप्पानं
पॉवर टिलर दिला, पैज म्हणून.
बिघडला तर तू भरायचं, म्हणाला.
भाताचं रान कापून मोकळं पडलेलं, बांधावर वीसेक माणसं.
पहिला झटका, काही नाही.
दुसरा, खोकला.
तिसऱ्याला इंजिन लागलं,
धुराला मेणबत्ती विझवल्यासारखा वास,
शट्टुप्पा हँडल धरून पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला
आणि वळून आला.
पोरं शिट्ट्या मारत होती. नागोजी कुणाला तरी फोनवर ऐकवत होता.

सिद्दव्वा पुढं झाली.
पदर कानामागं खोचला,
चालत्या इंजिनाकडं डोकं तिरकं करून उभी राहिली,
किती तरी वेळ.
मग बाजूला पान थुंकून म्हणाली,
"ह्यात एक चप्पल गेलीया."