घट

तेलगिरणीच्या वहीत एक रकाना होता, घट.
जवस गाळताना, डबे भरताना
जे सांडतं ते त्यात लिहायचं.
बत्तीस वर्षं मीच लिहिलं.

बाई दर शनिवारी इतवारीतून यायच्या.
कानात मोत्यांच्या कुड्या, पायात रबरी चपला.
चष्मा पदराला पुसत म्हणायच्या,
"मनोहरराव, माझ्या वाट्यातून
चाळीस किलो घट लिहा."

मी विचारलं नाही.
मेडिकलच्या फुटपाथवर
गडचिरोली-गोंदियाहून आलेले लोक
रात्री स्टोव्ह पेटवायचे,
एक्स-रेचं पाकीट मांडीखाली दाबून.
त्यांच्या कढईत तेल कुठून आलं,
तेही कुणी विचारलं नाही.

थोरल्या दिरांनी एकदा वही चाळली.
"इतकी गळती? काहून जी, घाणा बदला ना!"
बाई हसल्या नाहीत.
"जुना आहे भाऊजी, गळणारच.
अन् बदलाचा नाही."

परवा गेल्या. मे महिना, सत्तेचाळीस डिग्री.
घाटावर घरची माणसं सावली शोधत होती.
उन्हात एक जण उभा,
हातात आमच्या लेबलाची रिकामी बाटली,
घासून धुतलेली, झाकणासकट.

"हे कोणाले वापस करू जी?"