पाऊण सेकंद

कास्त्रोच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान.
लग्नं, बाप्तिस्मे, बेटाबेटांमधले फुटबॉलचे सामने
कापून, जोडून देतो.
एदुलिया नावेल्किन आली ती मंगळवारी,
चहाच्या पत्र्याच्या डबीत कापसावर ठेवलेलं
टपाल तिकिटाएवढं कार्ड घेऊन.
म्हणाली, बाबा आहेत ह्यात. होडी बांधताहेत.
घरच्या कॉम्प्युटरवर नुसता काळोख दिसतो.

मी म्हटलं, बघू.

सॉफ्टवेअर माझं नवं, हप्ते अजून चालू आहेत.
त्याने फाइल हुंगली आणि नाक मुरडलं.
का, ते सांगेना. ताकास तूर लागू देईना.
नावापुढे ठिपका, ठिपक्यापुढे तीन अक्षरांचं आडनाव;
मी आडनाव बदलून पाहिलं.
गोत्र कुठे बदलतं तेवढ्याने!
कॅमेरा सतरा वर्षांपूर्वीचा, पुएर्तो मोंतच्या सेलमधला.
ज्या कंपनीने तो केला ती बुडाली,
जाताना किल्ली कुणाकडे ठेवून गेली नाही.

संध्याकाळी आवाज तेवढा आत आला.
चित्राच्या जागी काळा चौकोन, खाली हिरवी रेघ,
रेघेवर मधूनमधून उगवलेले काटे:
ठक. ठक. मग काहीच नाही. ठक.
एदुलिया स्टुलावरून पुढे झुकली.
तिथे थांबलेत ना, म्हणाली,
तिथे तोंडातला खिळा काढताहेत.

मग मी एक जुना, फुकटातला प्रोग्राम शोधला
आणि मशीन रात्रभर दळत बसलं.
सकाळी चित्र होतं.
सिप्रेसच्या फळ्या, होडीच्या उघड्या बरगड्या,
लोकरी टोपीतले क्रिसान्तो, ओठांत दोन खिळे.
सेकंदाला पंधराच चित्रं, म्हणून हात जरा उड्या मारत चालतो.
पण चालतो.

फक्त एक खोट राहिली.
सुरुवातीला हातोडी आणि आवाज एकत्र पडतात,
तिसऱ्या मिनिटाला आवाज पाव सेकंद मागे,
सातव्याला अर्धा,
अकराव्याला पाऊण:
हातोडी पडून वर निघालेली असते,
मग कुठूनतरी ठक येतं.
मी लाजलो. म्हटलं, हे मी सरळ करतो,
ताणून बसवतो, उद्यापर्यंत थांबा.

ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, मी सात वर्षांची असताना
शाळेतून खाडीच्या पलीकडच्या काठावर यायची,
आणि न्यायला होडी येईपर्यंत त्यांना बघायची.
हातोडी खाली यायची, आणि आवाज
पाणी ओलांडून मागाहून पोचायचा.
ही फिल्म मी काढली तेव्हा मात्र
हातभर अंतरावर उभी होते.

मी कागदावर हिशेब मांडला, सवयीने.
पाऊण सेकंदात आवाज अडीचशे मीटर जातो.
खाडी केवढी आहे, विचारलं नाही.

दोन प्रती केल्या.
दुरुस्त केलेली भावाला, पुंता अरेनासला;
त्याने कसले काठ पाहिलेत, तो तेव्हा पाळण्यात होता.
बिनदुरुस्त तिला.
पैसे घेतले निम्मे, वर तिने बटाट्यांची पिशवी ठेवली,
जांभळे, वाकडेतिकडे, मातीसकट.

शेवटच्या क्षणी क्रिसान्तो मान वर करतात,
कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतात.
भावाच्या प्रतीत ते शब्द ओठांवर चपखल बसतात.
तिच्या प्रतीत आधी ओठ हलतात,
मग चित्र संपतं,
आणि काळ्या पडद्यावर, कुणीच नसताना,
थोडा चिडलेला, थोडा हसरा आवाज येतो:
पुरे आता, बॅटरी संपेल.