क्षमस्व, सेवेत नाही

विनिपेगमध्ये जानेवारीत पावणेसातला
उजाडायला अजून दीड तास असतो.
उणे एकतीस.
आधी नाकातले केस गोठतात, मग पापण्या,
मग माणसाचा चांगुलपणा.

सेलकर्क अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आम्ही पाचजण
एका खांबाभोवती उभे आहोत
शेकोटीभोवती उभं राहावं तसे.
खांबावर अठरा नंबर.
फोनमध्ये लिहिलंय : चार मिनिटं.
ही चार मिनिटं गेली अकरा मिनिटं चालली आहेत.
मग त्यांची तीन झाली नाहीत,
एकदम सव्वीस झाली.

थांबा म्हणतात याला.
मला वाटायचं, नाव आहे.
हुकूम आहे तो.

रेमेदिओस बोटांवर काहीतरी मोजते आहे, मोज्यातल्या मोज्यात.
सातला ती पोचली नाही तर
मिसेस हॅल्डॉर्सन कूस न बदलता पडून राहणार,
रात्रभराच्या त्याच डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून.
रेमेदिओस आल्याशिवाय
रात्रपाळीच्या टायराला कोट चढवता येत नाही.
आणि टायराचा मुलगा शेजारणीच्या दारात
बूट घालून बसलाय, डावा उजव्यात, उजवा डाव्यात,
आई आली की ती बदलून देईल म्हणून.

म्हणजे बस इथे आली नाही एवढंच नाही.
ती त्या खोलीतही आली नाही,
त्या दारातही.

माझं म्हणाल तर इस्पितळाच्या लाँड्रीत
सात मिनिटं उशीर झाला की पंधरांचे पैसे कापतात.
त्यांच्याकडे मिनिटं सुटी मिळत नाहीत.

आणि मग दिवे!
पिशव्या खांद्यावर चढल्या,
कुणीतरी सिगारेट अर्धी विझवून खिशात ठेवली.
आली, आली,
उजळलेली, ऊबदार, चाळीस रिकाम्या खुर्च्या घेऊन,
आणि कपाळावर नारिंगी अक्षरांत :
क्षमस्व. सेवेत नाही.
गेली.
या गावात ज्याला धक्का लागतो तोच आधी सॉरी म्हणतो,
पण निदान तो आपल्याला बाजूला ढकलून
निघून जात नाही.

ओरेस्टनं वही काढली.
ओरेस्टला कुठेच जायचं नसतं.
एकतीस वर्षं त्यानं हीच अठरा चालवली,
आता रोज सकाळी येऊन तिच्या वेळा लिहितो,
पेन्सिलनं, कारण पेनातली शाई गोठते.
कुणाला दाखवतो? कुणालाच नाही.
नगरपालिकेला पाठव म्हटलं तर म्हणाला,
पाठवली होती एक वही.
पोच आली.
पोच फार सुंदर कागदावर होती.

सात वाजून अकरा मिनिटांनी दोन अठरा आल्या,
एकीला एक चिकटून, लग्नाला निघाल्यासारख्या.
पहिली खचाखच, हात हलवून पुढे गेली.
दुसरी थांबली.
मी अर्धा तास एक वाक्य चघळत होतो,
त्याला चांगली धार आली होती,
फक्त जबडा उघडायचा अवकाश.
दार उघडलं.
स्टिअरिंगमागे एक विशीतली पोरगी, ओठ फुटलेले.
पहाटेपासून तिला एकदाही खाली उतरायला मिळालेलं नाही
हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.
वाक्य तोंडात वितळलं.
त्याची चव वाईट होती.
‘थँक यू’ म्हणालो आणि स्वतःचाच राग आला.
हिला नाही, तर मग कुणाला?
ज्यांना म्हणायचं ते बसनं येत नाहीत.

पायरीवरून मागे पाहिलं तर
ओरेस्ट विचारत होता, किती वाजले?
सात अकरा, मी ओरडलो.
त्यानं लिहिलं : सात नऊ.
मी पाहिलं ते. दोन मिनिटं
त्यानं त्या पोरीला सोडून दिली.

सोडू दे. तो तिच्या जातीचा.
मी नाही सोडणार.
रेमेदिओस अजून उभीच आहे, जागा असूनही,
दाराला टेकून,
म्हणजे उतरताना चार पावलं कमी पडतील.
सात अकरा, ओरेस्ट.
सात अकरा लिही.