अकरावा भाग, पुन्हा

दोरा दिसतो.
यानाला टांगलेला, काळा, शिवणाचा.
तेव्हा हसनमियांच्या घरी अँटेना कितीही फिरवली
तरी पडद्यावर इतक्या मुंग्या
की दोरा त्यांच्यातच हरवायचा.

आता फोनवर सगळं लख्ख.
परग्रहाच्या राजाच्या मनगटावर घड्याळ,
ज्वालामुखीतून उदबत्तीचा धूर,
आणि डॉक्टर मृणाल, अख्ख्या यानात एकुलती बाई,
तेरा भागांत तिला वाक्य एकच:
कॅप्टन, सिग्नल येतोय.
बाकी वेळ चहा आणते. अंतराळात. कपबशीतून.
राग आला मला. उशिरा, पण आला.

तरी अकरावा भाग.
समुद्र सोडून गेलेला ग्रह.
होड्या कोरड्या रेतीत कलंडलेल्या,
आणि माणसं रोज तिन्हीसांजेला धक्क्यावर दिवा लावतात,
पाण्याला वाट सापडावी म्हणून.
तीन मिनिटं कुणी बोलत नाही.
संगीतही नाही; पैसे संपले असतील.

त्या रात्री आम्ही पोरं ओहोटीला
कंदील घेऊन पुळणीवर गेलो.
जुबेदानं पाण्याला हाक मारली,
नाव घेऊन नाही, नुसतंच "ए".

हर्णैच्या सोसायटीत वायरलेसवर मी बसते आता.
वाऱ्याची रात्र, बाहेर सात होड्या.
खरखर. खरखर.
मग दामू तांडेलचा तुटका आवाज.
मागे वळून मी म्हणते, सिग्नल येतोय.
मागे कुणी कॅप्टन नसतो.
चहा माझा मीच केलेला.

शेवट गुंडाळलाय, कबूल.
तेराव्या भागात तर दोरा तुटतानाही दिसतो.
यान तिथंच राहतं.

दुसरा दोरा असणार कुठेतरी.