नऊ मीटरची तुटक रेघ

सातपूरच्या हॉलमध्ये रेघा मी मारतो.
चाळीस बाय वीस. सुतळी, खिळा, खडू
आणि पाच सेंटिमीटरची चिकटपट्टी, जी हल्ली
रंगाआधीच सुटते.
सहा मीटरचा डी काढताना गुडघ्यांवर मागे मागे सरकायचं,
गाभाऱ्यातून निघताना पाठ दाखवू नये, तसं.

यामिनी बोडके हँडबॉल इथेच शिकली.
आता हंगेरीत असते, तिकडच्या एका क्लबात.
जाताना म्हणाली, काय पाठवू, काका?
म्हटलं, जमिनीचे फोटो. माणसं नकोत,
कप नकोत, बर्फ तर मुळीच नको.
नुसती जमीन.

मग येऊ लागल्या जमिनी.
सेगेदची, मधाच्या रंगाची.
ग्योरची निळी, इतकी निळी
की नातवानं विचारलं, खोल किती आहे?
देब्रेत्सेनला एकाच लाकडावर चार खेळांच्या रेघा,
पिवळ्या, काळ्या, लाल, पांढऱ्या,
एकीनं दुसरीची वाट अडवलेली नाही.
द्वारकेच्या चौकात लावायला हवा हा फोटो.

आमच्याकडे जमीन खेळाची असते
उरलेल्या दिवसांत.
फेब्रुवारीत द्राक्षांचं प्रदर्शन, मग परीक्षा,
मग मतमोजणी : लोखंडी टेबलं गोलच्या तोंडाशी,
सात मीटरच्या रेघेवर हवालदाराचा डबा.
सिंहस्थात तीनशे पोलीस झोपले होते इथे.
पहाटे चारला वळकट्या उचलल्या
तेव्हा माझा अर्धा डी
त्यांच्या पाठींना लागून
रामकुंडावर बंदोबस्ताला गेला.
मी काही बोललो नाही. सुतळी सोडवली.

मार्चमध्ये एक फोटो आला, गावाचं नाव
मला धड वाचता येईना.
लहानसा हॉल, शाळेचा असावा.
कोपऱ्यात बादली.
बादली पाहून मी चष्मा पुसला.
नऊ मीटरची तुटक रेघ जिथे वळते
तिथे एक तुकडा आखूड, बोटभर.
पुढचा मग जरा लांब,
हिशेब जुळवून घेतलेला.
हे मशीनचं काम नाही.
गुडघ्यांचं आहे.

खाली तिनं लिहिलं होतं :
काका, इथूनच मारला. आत गेला.

त्या माणसाचं नाव कोण सांगणार?
त्यालाही कुणी विचारलं नसेल,
बादली रंगाची की गळक्या छपराची.

दुपारी हॉल उघडला. कबुतरं होतीच.
छपराच्या कैचीत अडकलेलं शटल
कितव्या वर्षाचं, देव जाणे.
उद्या सायखेडकरांच्या मुलीचं लग्न,
परवा पुन्हा सगळं खरवडायचं,
तरी तुटक रेघेचा तिसरा तुकडा पुसट दिसला,
तो भरला.
वाळायला चार तास लागतात.
दारात खुर्ची टाकून बसलो.
मंडपवाल्याचा पोरगा बांबू खांद्यावर घेऊन आला,
त्याला म्हटलं,
थांब.
आधी बूट काढ.