हरकत क्रमांक सत्तेचाळीस

पिवळा म्हणजे निवासी.
निळा व्यापारी, जांभळा कारखान्यांचा, हिरवा मोकळा.
एकतीस वर्षं सांगलीच्या नगररचना कार्यालयात
मी दुसरं काही केलं नाही.
साहेबांनी आखलेल्या रेषेच्या आत रंग भरला,
बाहेर थेंब जाऊ दिला नाही.

विश्रामबागेमागचा हा तुकडा माझ्या हातचा.
पातळ रंगाचे दोन हात;
वाळल्यावर मार्केट यार्डातल्या
फोडलेल्या हळकुंडासारखा दिसला.
तेव्हाच ठरवलं,
म्हातारपणी राहायचं तर या पिवळ्यात.

आता समोर ऐश्वर्या लॉन्स.
श्रेणिक मगदूमचा अठरा गुंठे प्लॉट,
कागदावर 'बंगला व बगीचा'.
बंगल्याला स्वयंपाकघर नाही
आणि बगीच्यात साडेसातशे खुर्च्या.

कोळेकर सिस्टर मिरजेहून रात्रपाळी करून येतात,
कानात कापूस घालून नऊला आडव्या होतात.
साडेनऊला : हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.
जमादारांचा तौफिक बारावीला आहे.
तो एसटी स्टँडवर जाऊन वाचतो.
म्हणतो, काका, तिथं शांत असतं.
आमच्या फळीवरचे पेले
डीजेच्या ठेक्यावर रात्रभर सरकत कडेला येतात,
सकाळी शालन ते परत मागं ढकलते,
काही न बोलता,
दूध उतू गेल्यावर ओटा पुसावा तशी.

मग पेपरात नोटीस आली :
निवासीमधून व्यापारी, वापरात बदल,
हरकती व सूचना तीस दिवसांत.
मी सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली.
शिक्का बसला, सत्तेचाळीस.

सुनावणीला साहेबांनी नकाशा उलगडला.
अगं बाई! असं बाईमाणसासारखं तोंडातून निघालं माझ्या.
ओढ्याच्या वळणावर, ब्लेडने खरवडलेला
तो बारीक पांढरा ठिपका अजून तसाच.
एकदाच हात घसरला होता,
पोरगा झाल्याचा निरोप आला त्या दुपारी.

मगदूम उठला.
"साहेब, मी बी इथलाच हाय.
वाढपी, मांडववाले, भांडी घासणाऱ्या बाया,
चाळीस माणसं जेवत्यात माझ्या जिवावर.
आन् ह्या सत्तेचाळीस जणांत
कुणाच्या घरचं कार्य माझ्या लॉनवर झालं न्हाई,
त्यानं हात वर करावा."

पंखा फिरत होता.
सिस्टरांनी केला हात वर. त्यांचं लग्न झालेलं नाही.
माझा खालीच राहिला.
पोराचा साखरपुडा, दोन वर्षांपूर्वी,
शेजारी म्हणून निम्म्या भाड्यात,
रात्री पावणेबारापर्यंत.
तेव्हा पेले सरकले असतील तर
ते बघायला घरात कुणी नव्हतं.

तरीही मी हरकत मागं घेतली नाही.
साहेब म्हणाले, तुमचं नेमकं म्हणणं काय?
म्हटलं, मी खोटा असेन,
रंग खोटा नाही.
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.
पुढची तारीख दिली.

काल रात्री वरात संपली.
सव्वा वाजता गॅलरीत गेलो
तर आमच्या गेटला नवरदेवाची घोडी बांधलेली.
पांढरी, झूल काढलेली,
मानेवर कुणीतरी हौसेनं फासलेली हळद.
शेवटचा सुतळी बॉम्ब वाजला
तशी तिची कातडी खांद्यापासून शेपटीपर्यंत
एकदाच थरारली. जागची हलली नाही.
सवय असावी.

बादलीभर पाणी घेऊन खाली गेलो.
ती प्यायली, सावकाश, आवाज करत.
लॉनच्या फाटकातून एक बाई आली,
कोपरापर्यंत खरकटे हात,
म्हणाली, दादा, नळ हाय का बाहेर?
आमची टाकी संपली.

मी नळ दाखवला.
ती हात धूत राहिली बराच वेळ,
आणि पिवळट पाणी
माझ्या गेटखालून निघून
मधला रस्ता ओलांडून
मगदूमच्या भिंतीकडे गेलं.